आलं का?

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा मी वायरवाले इयरफोन शोधत होते. बिनवायरच्यांचं चार्जिंग संपलं होतं, झोप येत नव्हती, आणि घरातल्या बाकीच्यांना ती गाढ लागली होती. टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात जुन्या केबली, मुदत संपलेली वॉरंटी कार्डं आणि कशाच्या आहेत ते कुणालाच न आठवणाऱ्या चाव्या असतात. तिथे इयरफोन सापडले, आणि त्यांच्या गुंत्यात अडकून एक फोन वर आला. ब्लॅकबेरी क्यू टेन. काळा, चौकोनी पडद्याचा, खाली कळांच्या चार ओळी आणि प्रत्येक ओळीच्या वर बारीक धातूची पट्टी. हातात घेतला आणि अंगठे आपापल्या जागी जाऊन बसले, मी सांगायच्या आधीच. मागचं झाकण सरकवून पाहिलं तर बॅटरी पोट सुटल्यासारखी फुगलेली. ती काढून बाजूला ठेवली. खणातच कागदात गुंडाळलेली दुसरी एक बॅटरी होती, ती घातली आणि तासभर चार्जिंगला लावली. फोन सुरू झाला. सावकाश, मध्ये दोनदा विचार बदलल्यासारखा थांबत, पण झाला.

आता खरं तर फोटो बघायचे. नाहीतर जुने निरोप वाचायचे. दहा वर्षांपूर्वीचं आपलं आयुष्य असं बंद पेटीतून बाहेर आल्यावर माणूस तेच करेल. मी काय केलं? घराच्या वाय-फायचा पासवर्ड घातला, सेटिंग्जमध्ये गेले, खाली खाली सरकत 'सॉफ्टवेअर अपडेट्स'पाशी थांबले आणि 'अपडेट आहे का ते पाहा' या अर्थाचं ते बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागला. आणि मी अंधारात, पलंगाच्या कडेवर बसून, त्या गोलाकडे बघत थांबले.

कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही तो गोल डोक्यात फिरत राहिला.

या बटणाची सवय मला एकटीला नव्हती. तेव्हाच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायचा. आमच्या मजल्यावर ब्लॅकबेरी उरलेले आम्ही दोघंच. बाकीच्यांनी एव्हाना काच घासायला सुरुवात केली होती आणि आमच्या कळांची टकटक ऐकून ते हसायचे. सकाळी आल्यावर पिशवी ठेवायच्या आधी तो विचारायचा, "आलं का?" मी म्हणायचे, "नाही अजून. तुझं?" त्याचंही नसायचं. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, यांच्या घरून पत्र यायचंय किंवा कसला निकाल लागायचाय. खरं तर आम्ही फोनच्या अपडेटची चौकशी करत असायचो. ते कंपनीने जाहीर केलं म्हणजे आलं असं नसे. मोबाइल सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीने ते तपासून सोडायचं, मग ते टप्प्याटप्प्याने उतरायचं. त्यामुळे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, दोन वेगळी सिमकार्डं असल्यामुळे, एकाकडे पाऊस आणि दुसरीकडे कोरडं असं व्हायचं. ज्याच्याकडे आधी येई तो दिवसभर जरा ताठ चाले.

मला आता विचार करताना वाटतं, धडधाकट कंपनीच्या अपडेटची अशी वाट कुणी बघत नाही. माझा आताचा फोन दर महिन्याला न चुकता विचारतो, नवीन अपडेट आलंय, आता घालू की नंतर? मी 'नंतर' म्हणते. तो बिचारा रात्री पुन्हा विचारतो. आता सात-सात वर्षं अपडेट देण्याची हमी मिळते, आणि मी ती हमी विम्याच्या कागदांसारखी न वाचता ठेवून दिली आहे. ब्लॅकबेरीच्या बाबतीत पुढच्या सात महिन्यांचीही खात्री नव्हती, म्हणून आम्ही प्रत्येक अपडेटचे बारकावे पाठ करायचो. त्यात काय दुरुस्त केलं यापेक्षा, ते आलं याचाच अर्थ वॉटर्लूमध्ये अजून कुणीतरी दिवा लावून बसलंय, एवढं आम्हाला पुरायचं.

कॅनडातल्या त्या वॉटर्लू गावात १९८४ साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन तरुणांनी 'रिसर्च इन मोशन' नावाची कंपनी काढली. १९९९ साली तिने खिशात मावणारं ईमेलचं यंत्र आणलं. पेजरएवढं, एका साध्या पेन्सिल सेलवर चालणारं. कळा फळावरच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून नाव ठेवलं ब्लॅकबेरी. पुढची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांना माहीत आहे: मंत्री, बँकवाले, निरोप आला की लुकलुकणारा लाल दिवा, टेबलाखाली अंगठे. मला त्या वैभवाच्या काळाचं कधीच फार कौतुक नव्हतं. माझ्याकडे फोन आला तो २०१३ च्या मध्यावर, म्हणजे मांडव उतरवायला घेतला होता तेव्हा. कदाचित म्हणूनच माझं त्याच्याशी जुळलं असेल. मला जिंकणाऱ्या संघाच्या बाजूने ओरडायला लहानपणापासून संकोच वाटतो.

मांडव उतरायला लागायच्या आधी मोठी धावपळ झाली होती. २००७ मध्ये आयफोन आला आणि या लोकांना वर्षभर ते खेळणं वाटलं. मग घाईघाईने २००८ मध्ये 'स्टॉर्म' काढला, त्याची अख्खी काच कळीसारखी दाबली जायची, म्हणजे काचेलाही कळ बनवायचा अट्टाहास. २०११ मध्ये 'प्लेबुक' नावाची पाटी, म्हणजे टॅबलेट, आणली. जगाला खिशातलं ईमेल देणाऱ्या कंपनीच्या या पाटीत स्वतःचं ईमेलच नव्हतं! शेजारी ब्लॅकबेरी फोन असेल तर त्याच्यातून उधार घ्यायचं. ईमेल आलं ते फेब्रुवारी २०१२ च्या अपडेटमध्ये, दहा महिन्यांनी. बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या आजीने म्हटलं असतं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०११ मध्ये, त्यांची सेवा लागोपाठ काही दिवस जगभर कोलमडली, लाझारिडिसने कॅमेऱ्यासमोर येऊन माफी मागितली, आणि भरपाई म्हणून शंभर डॉलरपेक्षा जास्त किमतीची ॲप्स ग्राहकांना फुकट दिली. पुढच्या जानेवारीत तो आणि त्याचा जोडीदार जिम बाल्सिली दोघेही प्रमुखपदावरून पायउतार झाले आणि त्यांच्या जागी थॉर्स्टन हाइन्स आला.

हाइन्सच्या हातात एकच पान होतं, ब्लॅकबेरी १०. संपूर्ण नवी प्रणाली, २०१० मध्ये विकत घेतलेल्या क्यूएनएक्स या दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीच्या पायावर उभारलेली. ती २०१२ मध्ये यायची होती, पुढे ढकलली गेली, आणि ३० जानेवारी २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये एकदाची आली. त्या दिवशी कंपनीने जुनं नाव टाकून फोनचंच नाव घेतलं. गायिका अलिशिया कीजला सर्जनशील संचालक नेमलं. तिच्या आडनावातही कळा आहेत, हा विनोद त्यांना मुद्दाम करायचा होता की नाही कोण जाणे. काही दिवसांतच तिच्या खात्यावरून आयफोनमधून एक ट्वीट गेलं, खातं हॅक झाल्याचा खुलासा आला, आणि हसणारे हसले. त्याआधी, फोन जाहीर झाल्यावर चारच दिवसांनी, अमेरिकेत सुपर बोल या तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्यांची जाहिरात लागली. अर्ध्या मिनिटात हा फोन काय काय करतो ते दाखवता येणार नाही, म्हणून काय करत नाही ते दाखवतो, अशी कल्पना: फोनवाल्याच्या अंगाला आग लागते, त्याला हत्तीचे पाय फुटतात, एका ट्रकची रबरी बदकं होतात. गंमत अशी की ज्या देशात ती जाहिरात लागली तिथे फोन दुकानात पोचायला २२ मार्च उजाडला.

ती जाहिरात मी नंतर पुष्कळदा पाहिली आहे. बघताना दरवेळी पोटात काहीतरी हलतं. इतके पैसे घालून, इतक्या लोकांसमोर उभं राहून, 'मी काय करत नाही' हे सांगायची पाळी यावी.

ॲप्सची गोष्ट तर ऐकवत नाही. लोकांना फोन नको असतो, त्यात जी माणसं भेटतात ती हवी असतात, आणि ती माणसं एव्हाना दुसऱ्या दोन घरांत राहायला गेली होती. मग यांनी ॲप बनवणाऱ्यांना बोलावणी धाडली. दुसरीकडचं ॲप इकडे आणा, प्रत्येकी शंभर डॉलर घ्या. जानेवारी २०१३ मधल्या एका शनिवार-रविवारी साडेसदतीस तासांत १५,००० ॲप्स जमली. चांगलं ॲप बनवून वर्षात हजार डॉलर कमावलेत तर दहा हजारांपर्यंतची भर आम्ही घालू, अशीही हमी होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पण मला वाटतं अक्कल असते, वेळ नसतो. आकडा फुगला. पुढे त्याच वर्षी कुणीतरी मोजून दाखवलं की सव्वा लाखाच्या आसपास असलेल्या ॲप्सपैकी ४७,००० एकट्या एका कंपनीने टाकली आहेत. दुकान भरलेलं आणि हवी ती वस्तू नाही. त्या दुकानात मी आणि माझा सहकारी दुपारी जेवणानंतर हिंडायचो. विजेरीची अकरा ॲप्स, गाड्यांच्या आवाजांची सात. एकदा आम्ही फक्त बेडकाचा आवाज काढणारं एक ॲप उतरवून घेतलं, केवळ ज्याने बनवलं त्याला बरं वाटावं म्हणून.

सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने सांगितलं की न विकलेल्या फोनांपायी ९३ कोटी ४० लाख डॉलरचा खड्डा पडलाय आणि साडेचार हजार लोकांना कामावरून कमी करणार आहोत. त्या दिवशी शेजारच्या टेबलावरून "आलं का?" आलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या वर्तमानपत्रांत ग्राहकांना खुलं पत्र छापलं: तुम्ही आमच्यावर यापुढेही भरवसा ठेवू शकता. मी ते पडद्यावर वाचलं, आणि मला आमच्या नात्यातले एक काका आठवले. त्यांचा धंदा बुडाला तेव्हा ते प्रत्येक लग्नाकार्यात सगळ्यांना आपणहून गाठून सांगायचे, काही काळजी करू नका, आपलं व्यवस्थित चाललंय. कुणी विचारलेलं नसायचं. विकली जाणार, नाही विकली जाणार, असं होता होता नोव्हेंबरमध्ये विक्री बारगळली, हाइन्स गेला, जॉन चेन आला.

आणि मग, या सगळ्या पडझडीच्या मधोमध, जानेवारी २०१४ च्या अखेरीला १०.२.१ आलं.

हे अपडेट माझ्याकडे आधी आलं. मला तो दिवस चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी ताठ चालत होते. टक्के वाढत गेले, फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि ॲप्सच्या ओळींमध्ये एक नवं चित्र दिसलं. रेडिओ. साधा एफएम रेडिओ, इंटरनेटवरचा नव्हे. इयरफोन लावला की त्याची वायर एरियल व्हायची. मी काही नवीन विकत घेतलं नव्हतं, फोन उघडून कुणी काही बसवलं नव्हतं. याचा अर्थ तो रेडिओ पहिल्या दिवसापासून आतच होता. सात-आठ महिने माझ्या हातात, उशाशी, पर्समध्ये एक रेडिओ झोपून होता आणि वॉटर्लूमधल्या कुणीतरी इतक्या दुरून त्याला हाक मारून उठवला. मी इयरफोनचं एक टोक सहकाऱ्याच्या कानात दिलं, एक माझ्या. खरखर, मग बाई बातम्या सांगतायत, मग पुन्हा खरखर. तो इतकंच म्हणाला, "अरे! हा होता यात?" लोकांना कामावरून काढलं जात असताना, आपलीही खुर्ची राहील की नाही माहीत नसताना, तिथे बसून कुणीतरी माझ्यासाठी हे केलं होतं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. ते माझ्यासाठी नव्हतं, गिऱ्हाईक टिकवण्यासाठी होतं, हे कळत होतं. पण अडचणीत सापडलेला माणूस आपल्याशी जितकं लक्ष देऊन बोलतो तितकं कुणी बोलत नाही, आणि ऐकणाऱ्याला त्यातली गरज आणि माया वेगळी करता येत नाही. मला तर अजूनही येत नाही.

त्याच अपडेटमध्ये आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी आनंदाच्या भरात नीट पाहिलं नाही. अँड्रॉइडची ॲप्स आता थेट ब्लॅकबेरीत बसवता येऊ लागली. लोक खूश झाले, मीही झाले. हवी ती ॲप्स एकदाची हाती आली. ती जड पावलांनी चालायची, मध्येच अडायची, पण चालायची. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. दीड-दोन वर्षांतच कंपनीने 'प्रिव्ह' नावाचा फोन आणला, तो सरळ अँड्रॉइडचा, स्वतःची प्रणाली बाजूला ठेवून. रेडिओ उठवणाऱ्या हातांनीच मागचं दार उघडलं होतं. ते उघडलं नसतं तर घर वाचलं असतं असंही नाही.

मधल्या काळात त्यांनी कुणाकुणाची म्हणून मनधरणी केली! सप्टेंबर २०१४ मध्ये पासपोर्टच्या आकाराचा चौकोनी 'पासपोर्ट', ज्याच्या कळांवरून बोट फिरवलं की पान सरकायचं. डिसेंबरमध्ये 'क्लासिक', ज्यात नव्या प्रणालीने काढून टाकलेली जुनी बटणांची पट्टी परत आणली होती. फोन उचला, ठेवा, मागे जा, सगळं पूर्वीसारखं. नव्या लोकांना सांगायचं आम्ही बदललो, जुन्यांना सांगायचं आम्ही मुळीच बदललो नाही. दोन्ही खरं, आणि दोन्हीकडचे लोक साशंक. फेब्रुवारी २०१५ मध्ये १०.३.१ आलं, आणि माझ्या मते ती त्या प्रणालीची सगळ्यात देखणी, सगळ्यात शहाणी आवृत्ती. सगळे निरोप एका ठिकाणी, अंगठा किंचित वर सरकवून डोकवायचं आणि सोडून द्यायचं, कुठेही अडखळणं नाही. कारागिराचा हात शेवटी बसतो तसा बसला होता. फक्त तोवर दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

माझा सहकारी त्याच वर्षी गेला. म्हणजे नोकरी सोडून नव्हे, फोन सोडून. एका सोमवारी त्याच्या टेबलावर एक चपटा, चकचकीत फोन पालथा पडला होता. दोघंही काही बोललो नाही. दुपारी तो म्हणाला, "बँकेचं ॲप चालत नव्हतं गं. बायकोला पैसे पाठवायचे तर दरवेळी लॅपटॉप उघडायचा." मी म्हटलं, "अरे, मग काय." चूक काहीच नव्हती त्याची. संध्याकाळी निघताना त्याने आपल्या जुन्या फोनमधली बॅटरी काढून, कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. "तुझी दमेल ना कधीतरी," म्हणाला.

मी आणखी दीड वर्ष रेटलं. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांत ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालीवर चालणारे किती, याचा एका संस्थेने टक्का काढला होता: ०.०. तसे दोन लाखांच्या वर फोन होते ते, पण एकूण त्रेचाळीस कोटींत ते दशांशातही मावले नाहीत. त्या दशांशाच्या पलीकडे बसलेल्या लोकांबद्दल मला तेव्हा आपुलकी वाटली होती. पण मीही तोवर काच घासायला लागले होते. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनांच्या मागच्या सेवा बंद झाल्या, तेव्हा बातमी मी नव्या फोनवर वाचली, आणि खणही उघडला नाही. ज्या क्यूएनएक्सवर ती प्रणाली उभी होती ते मात्र आज पंचवीस कोटींहून अधिक गाड्यांत चालतं. आपण ज्या गाडीत बसतो तिच्यात कुठेतरी ते असू शकतं, नाव न सांगता. मला ते बरं वाटतं की वाईट, हे ठरवलेलं नाही.

तर, त्या रात्रीचा गोल. तो बराच वेळ फिरला. मग थांबला, आणि जोडणी होऊ शकली नाही, नंतर प्रयत्न करा, अशा अर्थाचं काहीतरी लिहून आलं. नंतर! मी रोज माझ्या फोनला देते तेच उत्तर. मी हसले, मग जरा वेळ तशीच बसले. एकदा आणखी दाबून पाहिलं, हेही कबूल करते.

फोन बंद करणार तेवढ्यात ॲप्सच्या ओळींत ते चित्र दिसलं. इयरफोन हातातच होते, शोधायला म्हणून तर निघाले होते. गुंता सोडवला, पिन फोनच्या भोकात घातली. आधी नुसती खरखर. वायर पलंगाच्या कठड्यावरून खिडकीकडे नेली. खरखर विरळ झाली आणि मधोमध एक माणूस बोलताना ऐकू आला, अगदी स्पष्ट, कुणाचीही परवानगी न घेता. सहकाऱ्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या माझ्या फोनमध्ये. उद्याचं हवामान सांगत होता तो. मी शेवटपर्यंत ऐकलं.

सकाळी नंबर शोधून त्या सहकाऱ्याला एवढंच लिहिलं, "तुझी बॅटरी अजून चालते." दोन निळ्या खुणा उमटल्या. मग बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"आलं का?"